तरेकाकांचं रीडिंग

तरेकाका मला पहिल्यांदा दिसले ते रॉकेलच्या बादलीत कोपरापर्यंत हात घालून बसलेले. बादलीत लोखंडी वजनं होती. अर्ध्या किलोचं, किलोचं, दोन किलोचं, असं एकेक वजन बाहेर काढायचं, जुन्या लुगड्याच्या फडक्याने पुसायचं आणि टेबलावर ओळीत मांडायचं. मी म्हटलं, "मी नवीन लेक्चरर." त्यांनी मान वर केली नाही. "पर्मनंट का तासावर?" मी म्हटलं, तासावर. "मग बसा," ते म्हणाले, "पर्मनंट लोक इथं बसत न्हाईत."

ही दोन हजार तीन-चारची गोष्ट. कशेळीहून भिवंडीकडे येताना हायवेला लागून आमचं खाजगी पॉलिटेक्निक होतं. मी नुकतीच सिव्हिलची डिग्री घेऊन बाहेर पडले होते आणि दामोदर तरे तिथल्या स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सच्या लॅबचे असिस्टंट होते. पूर्णा गावचे. शिक्षण दहावी. कॉलेजसाठी ज्यांच्या जमिनी घेतल्या त्यांच्या घरातल्या एकेकाला नोकरी मिळाली होती, त्यातले हे एक. बाकीचे शिपाई झाले, माळी झाले, एक जण गेटवर बसला. तरेकाकांच्या वाट्याला लॅब आली. "जिथं तुम्ही उभ्या हाव ना मॅडम, तिथं आमचा भात व्हायचा," असं ते प्रत्येक नव्या माणसाला एकदा सांगत. त्यात तक्रार नसे. पत्ता सांगावा तसं सांगत.

लॅब म्हणजे एक लांब खोली, तीन ट्यूबलाइट आणि खिडक्यांना बारीक जाळी. जाळी डासांसाठी नव्हती, कापसाच्या तुसासाठी होती. भिवंडीत तूस कुठेही शिरतं. काका रोज सकाळी कंगवा साफ करायच्या ब्रशने सगळी यंत्रं झाडत आणि मग डबा उघडत. डब्यात भात आणि सुकट. त्या वासाने एचओडी सर आमच्या लॅबकडे फिरकत नसत. काका म्हणायचे की सुकटीसारखा वॉचमन न्हाय.

ज्यांना हा विषय ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. दोन्ही टोकांना टेकलेल्या फळीवर वजन ठेवलं की फळीच्या पोटात दोन गोष्टी सुरू होतात. एक जोर तिला वाकवू बघतो, तो बेंडिंग मोमेंट. दुसरा तिला सुरीने कापल्यासारखा उभा तोडू बघतो, तो शिअर फोर्स. वाकवणारा जोर बहुतेक वेळा मध्यावर जास्त असतो आणि कापणारा टोकांशी. हे कागदावर गणिताने काढता येतं. पण आमच्या लॅबमध्ये एक बीम होता, जो मुद्दाम कापून दोन तुकड्यांचा केलेला होता. कापल्या जागी बिजागरी आणि स्प्रिंगचा काटा लावलेला. वजनं टांगली की आतला जोर काट्यावर वाचता यायचा. निम्मी मुलं लूमवाल्यांच्या घरची, त्यांच्या लेखी बीम म्हणजे मागावरचा सुताचा रूळ, त्यामुळे पहिल्या दिवशी वर्गात हटकून हशा पिकायचा. काका हसून घेऊ देत आणि मग वजनं टांगायला लावत.

त्या बीमपाशी काकांचे नियम चालायचे. आधी रिकाम्या बीमचं रीडिंग. मग वजन अडकवायचा आकडा सोडायचा, आकड्याचं स्वतःचं वजन धरायचं, मग वजन. एकाने वाचायचं, मोठ्याने. दुसऱ्याने लिहायचं. काका काट्याच्या काचेवर नखाने दोनदा टकटक करत आणि सुई थांबेपर्यंत कुणाला वाचू देत नसत. "सुई नाचते तवर ती खोटं बोलते," हे त्यांचं वाक्य. अठरा वर्षांत किती मुलांना सांगितलं असेल कोण जाणे. एखादा घाईने वाचायला गेला की ते त्याच्या डोळ्यांपुढे पंजा धरत.

मी लागल्यावर दुसऱ्याच आठवड्यात आमचं थोडं वाजलं. मुलांचे आकडे गणिताशी जुळेनात. बॅचची वेळ संपत आली होती. मी फळ्यावर गणिताने आलेले आकडे लिहिले आणि म्हटलं, याच्या जवळपास काहीतरी जर्नलमध्ये लिहा. सगळीकडे तसंच चालतं, मी स्वतः तसंच शिकले होते.  मुलं गेल्यावर काकांनी फळा पुसला आणि म्हणाले, "मॅडम, तुमचा आकडा पुस्तकातल्या बीमचा हाय. ह्या बीमचा न्हाय." मग त्यांनी बिजागरीचा खिळा काढून दाखवला. त्यावर गंज होता. गंज घासून, तेल घालून पुन्हा वजनं टांगली तेव्हा आकडे जुळले. मला राग आला होता, तो बसस्टॉपपर्यंत टिकला. दुसऱ्या दिवसापासून मी त्यांच्याशेजारी स्टूल टाकून बसायला लागले.

हायवेवरून ट्रक गेला की लॅबची फरशी हलायची आणि सुई नाचायची. दिवसभर ट्रक. कशेळीच्या पुलावर ट्रॅफिक जाम झालं की सगळं भिवंडी शिव्या घालायचं, पण आमचं प्रॅक्टिकल झकास व्हायचं, कारण ट्रक जागच्या जागी उभे. एकदा परीक्षेला बाहेरून एक परीक्षक आले. त्यांना चारच्या आत ठाण्याला पोचायचं होतं. एक मुलगी बीमपाशी उभी, सुई थरथरतेय, आणि परीक्षक म्हणतायत, "सांग, सांग, अंदाजे सांग." काकांनी पंजा पुढे केला. परीक्षकांच्या डोळ्यांपुढे! "जरा थांबा साहेब. कंटेनर जाऊ द्या." कंटेनर गेला, त्यामागे दुसरा आला. परीक्षक वीस मिनिटं त्या पंज्यासमोर उभे राहिले. शेवटी सुई थांबली, मुलीने आकडा वाचला, तो बरोबर निघाला. परीक्षकांनी तिला पैकीच्या पैकी मार्क दिले आणि जाताना मला विचारलं, "हे सर कोण? कुठून एम.ई. केलंय?" मी काकांना ते सांगितलं तर ते लाजून वजनं पुसायला लागले.

हनीफभाई त्यांचे शाळेपासूनचे दोस्त. कोकणी मुसलमान, घरात दोन पिढ्यांचे लूम. दर दोन-तीन दिवसांनी स्कूटरवरून लॅबमध्ये यायचे, काकांची सुकट खायचे आणि धंद्याला शिव्या द्यायचे. एके दिवशी ते आले आणि डब्याकडे बघितलंही नाही. कारखान्यात खाली बारा लूम होते. वरच्या मजल्यावर सुताची पोती ठेवायचे. आता एका पार्टीची मोठी ऑर्डर मिळत होती, पण त्यासाठी आणखी सहा लूम हवे होते आणि जागा फक्त वर होती. इमारत जुनी. लोखंडी गर्डर दोन्हीकडच्या विटांच्या भिंतींत बसवलेले आणि त्यावर लादी.

"तू बोल, दामू," हनीफभाई म्हणाले. "चढवू का नको? मिस्त्री बोलतो चढव. मिस्त्रीचं काय जातंय? खाली माझी मानसं उभी असतात."

काका म्हणाले, "मी कोन सांगनार? मॅडमना विचार."

हनीफभाईंनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही येऊन बघता का एकदा? रिक्षा पाठवतो." माझ्यासमोर पेपरांचा गठ्ठा होता. तासावरच्या माणसाला पेपर तपासायचेच तेवढे बरे पैसे मिळायचे. मी म्हटलं की काका मापं घेऊन येऊ देत, मी गणित करून देते. माझं तेवढंच काम होतं असं मला तेव्हा वाटलं.

काकांनी मापं आणली. गर्डरची लांबी, उंची, जाडी, दोन गर्डरमधलं अंतर, लूमचं वजन, सगळं चौकटीच्या वहीच्या पानावर, पेन्सिलने. मी बेंडिंग मोमेंट काढला, शिअर काढला. दोन्ही मर्यादेत बसत होते. मी पानाखाली लाल पेनने बरोबरची खूण केली, जर्नलवर करते तशी. काकांचं तेवढ्याने समाधान झालं नाही. हा पुन्हा पुस्तकातला बीम, ते म्हणाले, आपण खरा बघू. त्यांनी एचओडी सरांना विचारून लॅबमधलं डायल गेज घेतलं. बीम खाली किती वाकतो ते मिलीमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत दाखवणारं ते घड्याळ. ते गर्डरच्या मध्याखाली लावायचं, वर लूम चढवायचे, आणि गर्डर किती वाकला ते वाचायचं.

मंगळवारी ते सुट्टी टाकून गेले आणि दुपारीच परत आले. खालचे बारा लूम चालू होते. "न्हाय जमलं मॅडम. सुई थांबतच न्हाय. येड्यासारखी फिरते." मग स्वतःच म्हणाले, "शुक्रवारी घेतो. शुक्रवारी लूम बंद." भिवंडीत शुक्रवारी माग थांबतात, गावभर एकदम कान बंद झाल्यासारखं वाटतं. मी पेपर तपासत होते. मी म्हटलं, "हो, शुक्रवारीच घ्या." इंजिनीअरला ऐकू यायला हवं होतं ते काकांच्या त्या वाक्यात होतं, आणि आमच्यात इंजिनीअर एकच होता, तो मी होते.

शुक्रवारचं सगळं काकांनी मला नंतर अनेकदा सांगितलं, म्हणून ते मी पाहिल्यासारखं सांगू शकते. नमाजानंतर चेनपुलीने सहा लूम वर घेतले. खाली लोखंडी घोड्यावर डायल गेज लावलेलं. टॉर्च धरायला इश्तियाक नावाचा एक कारीगर थांबला होता. चाळिशीचा, दाढीत पांढरे केस, उत्तर प्रदेशातला. सुट्टीचा दिवस असून थांबला, कारण त्याचा लूम बरोबर त्या गर्डरखाली होता. प्रत्येक लूम टेकला की काका काचेवर टकटक करायचे, सुई थांबायची वाट बघायचे आणि आकडा लिहायचे. इश्तियाकला त्यांनी सुई कशी वाचायची ते शिकवलं. शेवटचे दोन आकडे त्याने वाचले, मोठ्याने, आणि ते बरोबर होते. सगळं मिळून गर्डर साडेचार मिलीमीटर वाकला होता. चालण्यासारखं होतं, भरपूर चालण्यासारखं.

इश्तियाकने विचारलं, "मामू, हम तो इसी के नीचे खड़े रहते हैं. चलेगा ना?"

"चलेगा," काका म्हणाले. "बिनधास्त."

मग हनीफभाईंनी सगळ्यांना चहा मागवला.

चार महिने वरचे लूम चालले. लूम नुसता उभा असतो तेव्हा ते एक वजन असतं. चालू झाला की त्याचा धोटा मिनिटाला शंभरावर वेळा इकडून तिकडे आपटतो आणि प्रत्येक आपटीला जमीन हलते. सहा लूम वर, बारा खाली, सहा दिवस, दोन्ही शिफ्ट. गर्डरला काही झालं नाही. गर्डर मध्यावर वाकला नाही, मोडला नाही. पण ज्या विटांत त्याचं टोक टेकलं होतं त्या विटा हलून हलून सुटत गेल्या. बुधवारी दुपारी ते टोक भिंतीतून निसटलं. छताचा एक कोपरा एका लूमसकट खाली आला. इश्तियाक जागच्या जागी गेला. आणखी एकाचा पाय मोडला.

शिअर मी कागदावर काढला होता. भिंत मी पाहिली नव्हती.

मला ही बातमी स्टाफरूममध्ये कळली. मी हातातला चहा संपवला, कप विसळला आणि पुढचं लेक्चर घेतलं. ते कोणत्या विषयावर होतं ते मला आठवत नाही, पण मी ते पूर्ण पंचेचाळीस मिनिटं घेतलं. लॅबमध्ये गेले तेव्हा काका बॅचसाठी वजनं मांडत होते. त्यांनाही कळलं होतं. मुलं आली. काकांनी रिकाम्या बीमचं रीडिंग घ्यायला लावलं, वजनं टांगली, पंजा धरला. काहीच वेगळं नव्हतं. फक्त त्या दिवशी सुई थांबली तरी त्यांनी पंजा काढला नाही. मुलं वाट बघत राहिली. शेवटी मीच म्हटलं, "वाचा."

संध्याकाळी त्यांनी मला विचारलं, "मॅडम, माझं रीडिंग चुकलं होतं का?"

"नाही," मी म्हटलं. "रीडिंग बरोबर होतं."

"मग तुमचं गणित?"

"तेही बरोबर होतं."

त्यांनी मान हलवली. मला वाटलं ते रडतील, मग मलाही रडता येईल. ते रडले नाहीत. "मंगळवारचं रीडिंग खरं होतं," ते म्हणाले. "ती सुई सांगत होती. मीच बोललो खोटं बोलते."  माझं सगळं अंग, झोपेत दाबला गेलेला हात व्हावा तसं बधिर झालं होतं. आणि त्या बधिरपणाखाली एक गोष्ट मात्र लख्ख जागी होती. त्या पेन्सिलच्या पानावर माझी लाल खूण होती आणि ते पान कुठे आहे हे मला माहीत नव्हतं.

हनीफभाईंना पोलिसांनी नेलं. कुणाला विचारून लूम चढवले, असं विचारल्यावर ते म्हणाले, कुणाला नाही, माझं मी ठरवलं. त्यांनी काकांचं नाव घेतलं नाही, माझं तर नाहीच. आठवड्याने जामिनावर सुटले. काका त्यांना भेटायला गेले तर त्यांनी दार उघडलं, पाणी दिलं आणि म्हणाले, "दामू, तू मधे पडू नको." इश्तियाकचा भाऊ येऊन त्याला गावी घेऊन गेला होता. काकांनी कुणाकडून तरी त्याच्या गावाचं नाव लिहून आणलं. ती चिठ्ठी त्यांच्या शर्टाच्या खिशात असायची. पुढे काय करायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं.

मग एक दिवस ते म्हणाले, "मी चौकीत जाऊन सांगतो. हनीफ उगाच अडकलाय. चलेगा मी बोललो होतो." त्यांनी मला बरोबर चला असं म्हटलं नाही. मीच म्हटलं, मी येते. का म्हटलं ते मला आजही नीट सांगता येणार नाही. सोबत करावी असं वाटलं हे खरं. ते तिथे काय बोलतात ते ऐकायचं होतं, हेही खरं.

चौकीत एक हवालदार कागद लिहीत होता. काका बाकावर बसले, मी त्यांच्याशेजारी. अर्ध्या तासाने त्याने विचारलं, "काय काम?" काकांनी सगळं सांगितलं. गर्डर, डायल गेज, शुक्रवार, साडेचार मिलीमीटर. इश्तियाकला काय उत्तर दिलं ते.  शेवटी हवालदार म्हणाला, "तुम्ही इंजिनीअर का?"

"न्हाय."

"डिप्लोमा?"

"दहावी."

"मग काका, तुमच्या बोलण्याला काय अर्थ? उद्या पानवाला येऊन सांगेल मी हो म्हटलं होतं म्हणून." तो वाईट माणूस नव्हता. समजुतीनेच बोलत होता. "इंजिनीअरनं कुणी पास केलं होतं का? सही, शिक्का, कागद? तसं असेल तर सांगा. तसं असेल तर केस बदलते. हनीफवरचं अर्धं उतरेल."

 काकांचा हात शर्टाच्या खिशावर गेला. मला त्या खिशात चिठ्ठीमागे दुमडलेलं चौकटीचं पान दिसलं. कडा दिसली फक्त. लाल काही दिसलं नाही. पण मला कळलं.

"न्हाय," काका म्हणाले. "इंजिनीअर कोनी नव्हता."

हवालदाराने माझ्याकडे पाहिलं. "आणि या कोण?"

मी तोंड उघडलं होतं. हे मी शपथेवर सांगते, मी तोंड उघडलं होतं.

"आमच्या कॉलेजच्या मॅडम," काका म्हणाले. "सोबत म्हनून आल्यात."

मी तोंड मिटलं.

"घरी जा काका," हवालदार म्हणाला. "झोपा जरा."

आम्ही बाहेर आलो. रस्त्यावर टेम्पोंची रांग होती. काकांनी माझ्यासाठी रिक्षा थांबवली, भाडं ठरवलं, मी बसल्यावर ओढणी चाकाकडे लोंबत होती ती मला आत घ्यायला सांगितली. मी म्हटलं, "काका, तुम्ही कसे जाल?" ते म्हणाले, "मी जातो, तुम्ही जा." त्यानंतर ते कामावर आले नाहीत. मला जूनमध्ये ठाण्यात पर्मनंट जागा मिळाली. पूर्णा तिथून अर्ध्या तासावर आहे, मी कधी गेले नाही. हनीफभाईंच्या केसचं काय झालं हेही मी कुणाला विचारलेलं नाही.

त्या दिवशी रिक्षा टेम्पोंमध्ये अडकून तिथेच उभी होती. मी मागे वळून पाहिलं. काका स्टँडकडे जायला निघाले होते, मग थांबले. खिशातून ते पान काढलं, उलगडलं, बघितलं, आणि त्याचे बारीक बारीक तुकडे करून गटारात टाकले. हात धोतराला पुसावेत तसे पँटला पुसले. मग वळले, चौकीच्या पायऱ्या पुन्हा चढले आणि आत जाऊन त्याच बाकावर बसले.

पुढचा टेम्पो हलला. रिक्षावाल्याने आरशातून विचारलं, "चलूं, मॅडम?"

मी म्हटलं, "चलो."